टाका कुठाय?

सोनोग्राफीवाल्यानं इंद्रजितच्या पोटावर गारेगार जेली फासली, पडद्याकडे पाहिलं आणि मागच्या माणसाला हाक मारली, "इकडं ये, हे पाह्य." मागच्यानं पाहिलं आणि त्यानं आणखी एकाला बोलावलं. आपल्या आतलं काहीतरी परक्या लोकांनी वाकून वाकून पाहावं आणि आपल्याला मात्र छताचा पंखाच दिसावा, हा अपमान इंद्रजितला पोटदुखीपेक्षा जास्त लागला. शेवटी निकाल लागला. पित्ताशयात खडे. आणि एखाददुसरा नाही, चांगले मूठभर.

इंद्रजित साधा माणूस असता तर घाबरला असता, चार लोकांजवळ रडला असता आणि मोकळा झाला असता. पण तो पुसदच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. ग्रेडर म्हणजे काय, हे ज्यांनी कापूस फक्त अंगावर घातला आहे त्यांना सांगायला हवं. गाडी केंद्रात येते. वरचा कापूस दुधासारखा असतो, कारण वर तसाच ठेवायचा असतो. ग्रेडरनं बाही वर सारायची, काखेपर्यंत हात गाडीत खुपसायचा आणि तळातली मूठ बाहेर काढून उन्हात धरायची. ओल आहे का, किडीनं पिवळी पडलेली कवडी किती, पालाकचरा किती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल. भाव मेलेले होते, कापूस घेऊन येणारा माणूस घरूनच चिडून येई, त्यामुळे निकाल कोणताही दिला तरी शिवी ठरलेली. चांगल्या ग्रेडला थोडक्यात, वाईट ग्रेडला सविस्तर.

या खात्यात इंद्रजितचं एक वाक्य तालुकाभर गाजलं होतं. "तोंडाचं सांगू नका काका, आत काय निघते ते पाहू." हे वाक्य तो फार रुबाबात म्हणे. माणसानं रुबाबात म्हटलेलं वाक्य नियती वहीत टिपून ठेवते, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

तर अशा माणसाच्या आत खडे निघाले. शिवाय त्याची सोयरिक नुकतीच पक्की झाली होती.

मुलगी बाभूळगावची, प्रियंका. शाळेत शिकवायची. पसंतीच्या दिवशी तिनं एकच प्रश्न विचारला, "तुम्ही रागावता का?" इंद्रजित म्हणाला, "नाही. मी फक्त ग्रेड देतो." ती हसली, आणि त्या हसण्याला कोणती ग्रेड द्यावी हे अजून न सुचल्यानं इंद्रजित तेव्हापासून रोज फोन करत होता.

अडचण होती तिच्या वडिलांची. उकंडाजी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आता कापूस लावत आणि विहार समितीचं अध्यक्षपद चालवत. बुवाबाजी, अंगारेधुपारे, गंडेदोरे यांवर त्यांचा राग असा, की आधीच्या एका स्थळाच्या मोटरसायकलला लिंबू-मिरची टांगलेली दिसली तर ते चहाला बोट न लावता परत आले होते. "बाबासाहेबांनी आपल्याले काय सांगतलं, आन हे लिंबावर गाडी चालवून राह्यले!" डोमाजीचं, म्हणजे इंद्रजितच्या वडिलांचं घर त्यांना पसंत पडलं ते याच मुद्द्यावर. घरात एक लिंबू होतं, ते सरबतात गेलेलं.

दुसरा मुद्दा सांगायलाच हवा. उकंडाजींचं पित्ताशय फार पूर्वी काढलेलं होतं, तेही जुन्या पद्धतीनं, पोट उघडून. बरगडीपासून तिरपा उतरणारा वीतभर टाका. हा टाका ते पाहुण्यांना दाखवत. चहाच्या आधी. पसंतीच्या दिवशी त्यांनी बंडी वर केली तेव्हा डोमाजी गहिवरले आणि त्यांनीही आपला हर्नियाचा टाका, शक्य तेवढा, दाखवला. दोन व्याह्यांची मनं तिथंच जुळली. मग पोहे आले, त्यावर तर्री आली, तेव्हा उकंडाजींनी वाटी दूर सारली.

"आपल्याजवळ पित्ताची पिशवी नाही, डोमाजी. तेलाची तर्री पोटात गेली का गाडी मधात कुठंच थांबत नाही. विनाथांबा, थेट डेपो."

त्या दिवशी ही माहिती इंद्रजितला गैरसोयीची वाटली होती, कारण तो तेव्हा पोहे खात होता.

खड्यांची बातमी घरी कळताच त्याच्या आईनं, कौसल्याबाईंनी, डोक्याला हात लावला. "लग्नाच्या तोंडावर पोटाचं ऑपरेशन! लोक म्हणतीन, पोरगं आतून खराब आहे म्हणून. कोणाले सांगू नको, बाप्पा."

इंद्रजितचंही तेच मत होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत हात घालणाऱ्या माणसाच्या गाडीत लोकांनी हात घालावा, हे त्याला चालणार नव्हतं. पण भिंतीला कान असतात आणि इंद्रजितच्या भिंतीला कोकिळाबाई होत्या. शेजारच्या कोकिळाबाईंना त्याचं कण्हणं ऐकू गेलं आणि त्या कुळथाचं पाणी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या रसात तेल घेऊन आल्या. आणि नंतर मुख्य सल्ला घेऊन आल्या.

"पैनगंगेच्या काठी एक खडेबाबा बसते. पोटाले तोंड लावते, ओढते आन थुंकते. खडा बाहेर! ना कापणं, ना टाका. माह्या मावसबहिणीचा असाच काढला."

इंद्रजितनं त्यांना विज्ञानावर भाषण दिलं. बाबा आधीच खडा तोंडात धरून बसतो हे समजावलं. कोकिळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुह्यं विज्ञान राहू दे. तुले येळ भेटला का जाय. पत्ता मी देतो."

यवतमाळला एक तरुण सर्जन मोठ्या शहरातून नवं तंत्र शिकून आला होता. त्यानं कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि मध्ये एक टिंब दिलं. "दुर्बिणीनं करू. तेसुद्धा चार भोकं नाही, एकच छोटा छेद, बेंबीच्या आत. पित्ताशय तिथूनच बाहेर काढायचं. आतला टाका आपोआप विरघळतो. बेंबीची घडी मिटली की बाहेरून काही दिसत नाही."

"काहीच?"

"उद्या तुमच्या बायकोलाही सांगितल्याशिवाय कळणार नाही."

इंद्रजितला वाटलं, हा डॉक्टर नाही, हा आपला हितचिंतक आहे. त्यानं तिथल्या तिथं होकार दिला. जाताना रिसेप्शनवरच्या बाईंना बजावलं, "कोणाचाही फोन आला, कोणीही विचारलं, तरी माझं नाव सांगायचं नाही. बापाचा आला तरी नाही." बाईंनी ते रजिस्टरमध्ये लाल शाईनं लिहून घेतलं. या जगात आपण सांगितलेलं काम कोणीच नीट करत नाही, अशी तक्रार इंद्रजित पुढे कधीच करू शकला नाही.

शेजारीपाजारी सांगितलं, ग्रेडिंगच्या ट्रेनिंगला यवतमाळला चाललो. केंद्रावर आजारपणाची रजा टाकली. आणि ऑपरेशन झालं. छान झालं. शुद्ध आली तेव्हा उशाशी एक छोटी बाटली होती आणि तिच्यात त्याचे खडे, हिरवट-काळे, तुरीच्या दाण्याएवढे. बाकी काही नाही. पोट जसंच्या तसं. त्यानं चादरीखालून हळूच बेंबी पाहिली आणि त्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

हा अभिमान पुसदच्या बसस्टँडपर्यंत टिकला.

झालं असं, की ट्रेनिंगहून आलेला माणूस पोटाला हात लावून, वाकून, एकेक पाय मोजून चालत नाही. कोकिळाबाई अंगणातच उभ्या होत्या.

"काहून रे, ट्रेनिंग पोटावर झालं का?"

इंद्रजित भिंत धरून घरात शिरला. पण कौसल्याबाई थकल्या होत्या, दवाखान्याच्या बाकड्यावर झोपून त्यांचं अंग आंबलं होतं, आणि थकलेल्या बाईसमोर कोणी चहाचा कप धरला की ती सगळं सांगते. त्यांनी घड्याळामागची बाटली काढून दाखवली आणि म्हणाल्या, "कोणाले सांगू नका, हं."

संध्याकाळी गल्ली भेटायला आली.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जायची एक रीत आहे. बिस्किटाचा पुडा न्यायचा, तो त्याच्या उशाशी ठेवायचा, पाच मिनिटं हळहळायचं आणि मग टाका पाहायचा. टाका पाहिल्याशिवाय भेट पूर्ण होत नाही. टाका जेवढा लांब तेवढी हळहळ लांब. लोक आपल्या माहितीतल्या टाक्यांशी तुलना करतात, एखादा आपला काढून दाखवतो, आणि सगळे समाधानानं घरी जातात. इंद्रजितच्या उशाशी पुड्यांचा ढीग झाला आणि प्रत्येकानं तोच प्रश्न विचारला.

"टाका कुठाय?"

इंद्रजित शर्ट वर करायचा. "हा. बेंबीत."

समोरचा वाकायचा, डोळे बारीक करायचा, सरळ व्हायचा. "हे त मलेबी आहे."

काही जणांनी जाताना आपला पुडा उचलून परत नेला.

कोकिळाबाईंनी मात्र दोन अधिक दोन केलं. खडे बाहेर आले आहेत. कापलेलं काही नाही. टाका नाही. पोरगा खोटं सांगून गेला होता. म्हणजे तो गेला कुठं? त्यांचे डोळे भरून आले. "माह्यं ऐकलं रे पोरा तू! लाजतं कायले? खडेबाबाकडं गेलता, असं सांग ना." आणि या यशाचं श्रेय आपलं आहे हे जगाला कळावं म्हणून त्यांनी लगेच फोन लावायला घेतले. त्यांची एक बहीण बाभूळगावला दिली होती. उकंडाजींच्या घरासमोर.

इकडे केंद्रावर वेगळंच रामायण चालू होतं. इंद्रजितचं पोट ज्या दिवशी उघडलं, नेमकं त्याच दिवशी सरकारनं केंद्रही उघडलं होतं. गाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत, आणि ग्रेडर नाही. लोक रस्त्यावर बसले, घोषणा झाल्या, पोलीस आले. केंद्रप्रमुख रामरावसाहेबांचं ठाम मत झालं, की इंद्रजित घाबरून पळाला.

"ऑपरेशन? कुठलं ऑपरेशन?"

"पित्ताशयाचं, साहेब."

"टाका कुठाय?"

इंद्रजितनं सरकारी कार्यालयात शर्ट वर केला. रामरावसाहेबांनी चष्मा पुसला, पाहिलं आणि चष्मा परत पुसला. "इथं काही नाही. मी तुझी फाइल चौकशीसाठी वर पाठवतो." दवाखान्याचे सगळे अस्सल कागद फाइलला लागले आणि फाइल वर गेली. वर म्हणजे कुठं, ते कोणाला माहीत नसतं. तिथून खाली फक्त पाऊस येतो, तोही यवतमाळला क्वचित.

आवारात धनीबाई आपल्या गाडीवर बसलेल्या होत्या. गेल्या हंगामात त्यांच्या गाडीत काखेपर्यंत हात घालून इंद्रजितनं ओल काढून दाखवली होती. त्यानं बाही सारली तसं धनीबाईंनी काठी आडवी धरली.

"थांबा साहेब. ऐकलं म्या. आधी तुमचं पोट दाखवा, मंग मी कापूस दाखवतो."

"धनीबाई, माझं खरंच ऑपरेशन झालंय."

"तोंडाचं सांगू नका," धनीबाई म्हणाल्या, "आत काय निघते ते पाहू."

रांगेतल्या सगळ्या गाड्या हसल्या. बैलसुद्धा हसले असं इंद्रजितला वाटलं, पण त्यावर तो कोणाशी भांडू शकला नाही. वाक्य त्याचंच होतं.

संध्याकाळी प्रियंकाचा फोन आला. तिचा आवाज सपाट होता.

"बाबांनी बोलावलं आहे. तुमच्या बाबांना, मामाजींना, घेऊन या. समोरच्या काकू म्हणतात, तुम्ही खडेबाबाकडं गेलता."

"प्रियंका, शपथ घेतो..."

"शपथ घेऊ नका, बाबा आणखी चिडतीन. गेलते का नाही एवढं सांगा."

"नाही. ऑपरेशन झालं. बेंबीतून."

मग ती म्हणाली, "बरं." आणि फोन बंद झाला.

पुसदहून निघालेल्या बसमध्ये इंद्रजित त्या एका 'बरं'ची परीक्षा करत बसला. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, उन्हात धरलं, पण त्यात ओल आहे की ते कोरडं आहे, काही कळेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा माल त्याच्या हातात आला नव्हता. शेजारी डोमाजी बिस्किटं खात होते. घरी पुडे खूप उरले होते.

उकंडाजींच्या बैठकीत चौकशीची मांडणी तयार होती. मध्ये एक खुर्ची, तिच्यावर इंद्रजित. समोर उकंडाजी, आणि त्यांच्या शेजारी पूनमसिंग. हा त्यांचा जुना कंडक्टर. दोघं उभी हयात एका गाडीवर होते. निवृत्तीनंतर गाडी सुटली, जोडी सुटली नाही. उकंडाजी वळण घेण्याआधी अजूनही पूनमसिंगकडे पाहत.

"जयभीम," इंद्रजित म्हणाला.

"जयभीम. बस. हे पाह्य लेका, तू गरीब आहेस का श्रीमंत, मले घेणं नाही. काळा आहेस का गोरा, तेबी नाही. पण थुंकलेले खडे पाहून टाळ्या वाजवणारा जावई माह्या घरात नोको. खरं असंन त खरं सांग. सोयरिक मोडू, चहा पिऊन जाय."

पहिला पुरावा म्हणून डोमाजींनी बाटली पुढं केली. पूनमसिंगनं ती हलवून पाहिली. खडे खुळखुळले.

"असे त तो बाबाबी दाखवते," उकंडाजी म्हणाले. "कागद?"

"कागद वर गेलेत."

"वर कुठं?"

इंद्रजितनं छताकडे पाहिलं. उकंडाजींनीही पाहिलं. पंखा फिरत होता.

"डॉक्टरले फोन लाव. मोठ्या आवाजात."

इंद्रजितचा जीव भांड्यात पडला. त्यानं फोन लावला, टेबलावर ठेवला आणि आपल्या नावाची चौकशी केली. पलीकडून त्याच लाल शाईवाल्या बाईंचा गोड आवाज आला.

"इंद्रजित डोमाजी? नाही हो. या नावाचा पेशंट आमच्याकडे कधीच आलेला नाही."

"मॅडम, मी स्वतः इंद्रजित बोलतोय!"

"सर, बापाचा फोन आला तरी सांगायचं नाही, असं लिहिलेलं आहे," बाई म्हणाल्या आणि मग आपलं चुकलं हे लक्षात येऊन घाईनं म्हणाल्या, "म्हणजे कोणाचंच लिहिलेलं नाही." फोन कट.

पूनमसिंग चुकचुकला. तिकीट न काढलेल्या प्रवाशाकडे पाहावं तसं त्यानं इंद्रजितकडे पाहिलं.

"आता शेवटचं," उकंडाजी उठले. "शर्ट वर कर. पूनमसिंग, बॅटरी."

बैठकीत भरदुपारी बॅटरी लागली. उकंडाजी गुडघ्यावर बसले आणि इंद्रजितच्या बेंबीत पाहू लागले. इंजिनात पाहण्याची सवय असलेला माणूस. त्यांनी घाई केली नाही. स्वयंपाकघराच्या दारात प्रियंका उभी होती. इंद्रजितनं मनात प्रार्थना केली असती, पण ज्या घरात होता तिथं तेही बसत नव्हतं.

"काहीतरी आहे," उकंडाजी म्हणाले. उकंडाजींनी दोन बोटं चिमटीसारखी घातली आणि एक छोटा पांढरट पुंजका बाहेर काढला. बॅटरीच्या उजेडात फिरवला. बोटांनी चोळला. ओढून धागा किती निघतो ते पाहिलं.

"कापूस," ते म्हणाले. "आखूड धाग्याचा. ओला. आन कवडी." मग पूनमसिंगकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला, "नापास."

केंद्रावर दिवसभर उडणारी रुई बेंबीत जाऊन बसते, हे विज्ञान सांगण्याची ती वेळ नव्हती. इंद्रजितनं शर्ट खाली सोडला. त्याला एकदम दिसलं, की हे आता मोडणार. भांडण होणार नाही, आरडाओरडा होणार नाही. चहा येईल, तो पिऊन ते दोघं बसस्टँडकडे चालू लागतील, आणि कोणाच्या तरी हसण्याला ग्रेड द्यायची राहूनच जाईल.

"काका," तो म्हणाला, आणि आवाजात रुबाब शोधूनही सापडला नाही, "मी दुसऱ्यांना फार वेळा असं केलं. पण माझं खरंच काढलंय हो. पित्ताशय नाही आता माझ्याजवळ."

उकंडाजी थबकले. पूनमसिंगकडे पाहिलं. म्हणजे वळण येत होतं.

"पिशवी नाही म्हणतं तू?"

"नाही."

"नाही ना? मंग त सोपं आहे. कागद खोटा बोलंन, डॉक्टर खोटा बोलंन, पण तर्री खोटं बोलत नाही. ज्याच्याजवळ पिशवी नाही त्याले तर्री कशी धावडवते ते माह्यापेक्षा जास्त कोणाले ठाऊक? सुखीबाई, आलूबोंडे करा. आन वर तर्री. झणझणीत."

डॉक्टरनं महिनाभर तेलकट बंद सांगितलं होतं. इंद्रजितनं ते तोंडावर आणलं आणि गिळलं. सुखीबाई कढईपाशी गेल्या, तर प्रियंका म्हणाली, "आई, तू बस. मी करते."

ताट आलं. बोंडे दिसतच नव्हते. लाल तळं होतं आणि त्यावर बोटभर तेल तरंगत होतं. तिनं ते इंद्रजितसमोर ठेवलं, वर पाहिलं नाही, आत गेली. इंद्रजित जेवला. सगळे त्याच्या घासाघासाकडे पाहत होते. शेवटचा अर्धा बोंडा त्याच्यानं जाईना, तेव्हा डोमाजींनी तो उचलून तर्रीत बुडवला आणि तोंडात टाकला. अन्न वाया घालवणं त्यांना जमत नसे.

मग वाट पाहणं सुरू झालं.

उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आली. कापसाच्या भावावर बोलणं झालं, ते वाईटच झालं. पूनमसिंगनं एक डुलकी काढली. इंद्रजितच्या पोटात शांतता होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या शांततेची भीती वाटली. उकंडाजींनी घड्याळाकडे पाहिलं, जांभई दिली, आणि "सुखीबाई, चहा ठेवा," असं म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आत कुठंतरी एसटीचं इंजिन चालू झालं.

इंद्रजित ताठ झाला. आता प्रसंग असा होता: धावलं तर लग्न होणार, पण ज्या मुलीसमोर आयुष्यभर ताठ मानेनं वावरायचं तिच्यासमोर पोट धरून धावावं लागणार. बसून राहिलं तर मान शाबूत, लग्न नाही. त्यानं मधला मार्ग काढायचं ठरवलं. फोन आल्यासारखा चेहरा करून उठायचं, शांतपणे, एखाद्या अधिकाऱ्यासारखं चालत मागच्या दाराकडे जायचं. तो उठला. "एक मिनिट, महत्त्वाचा..." म्हणाला. दोन पावलं अधिकाऱ्यासारखी टाकली. तिसरं पाऊल अधिकाऱ्याचं नव्हतं.

"सुटली!" उकंडाजी खुर्चीवरून उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. "विनाथांबा! पूनमसिंग, पाह्यलं का? पोरगा खरा आहे!"

पूनमसिंगनं हवेत दोरी ओढली. "टिंग टिंग!"

इंद्रजितनं अंगण कसं पार केलं ते त्याला आठवत नाही. एवढं आठवतं, की मागच्या वाटेवरची खाट कोणीतरी आधीच उभी करून ठेवली होती, कोंबड्या झाकल्या होत्या, आणि संडासाचं दार उघडं होतं. आत काठोकाठ भरलेली बादली होती. वर टमरेल. कोनाड्यात नवा साबण, नुकताच वेष्टनातून काढलेला. खिळ्याला घडी घातलेला टॉवेल.

थोडं भान आलं तसा तो बादलीकडे पाहत राहिला. ही बादली आत्ता भरलेली नव्हती. पाणी संथ झालं होतं. म्हणजे तो धावण्याआधी, तर्री येण्याआधी, कोणीतरी ठरवलं होतं की हा माणूस खरं बोलतो. आत हात न घालता त्याला कोणीतरी पास केलं होतं. इंद्रजितला रडू आलं. जागा योग्य नव्हती, पण आलं.

बाहेर बांगड्या वाजल्या.

"ठीक आहे का?" प्रियंका हळूच विचारत होती.

"हो. बादली... तू भरली?"

"हो."

"म्हणजे तुझा माझ्यावर भरोसा होता."

"तुमच्यावर होता," प्रियंका म्हणाली. "तर्रीवर नव्हता. सगळ्यांनाच काही बाबांसारखं होत नाही, ते आम्ही शाळेत पोरांना शिकवतो. म्हणून तुमच्या ताटात मी एरंडेल घातलं. चांगलं पळीभर."

आत टमरेल हातातून सुटून बादलीत पडलं.

"किती दिवस...?"

"आजचा दिवस जाईल. लग्न आयुष्यभराचं आहे."

इंद्रजितला तिच्या पसंतीच्या दिवशीच्या हसण्याची ग्रेड तिथंच, बसल्या जागी, सापडली. त्याच्या वरची ग्रेड सरकारनं अजून काढलेली नव्हती. तो ते सांगणार, एवढ्यात अंगणातून धाडधाड पावलं आली.

"इंद्र्या! निघ बे लवकर!" हे डोमाजी होते. डोमाजींचं पित्ताशय जिथल्या तिथं, जन्मापासून शाबूत होतं. फक्त त्यांनी अर्धा बोंडा वाया जाऊ दिला नव्हता.

"मामाजी, तिकडं," प्रियंका न गडबडता म्हणाली, "गोठ्याच्या मागं आडोसा आहे. दुसरी बादली तिथं ठेवली आहे. तुम्ही बोंडा उचलला तवाच भरली."

डोमाजी गोठ्यामागं दिसेनासे झाले. इंद्रजितनं आतून दाराला कान लावला. बैठकीतल्या माणसांनी हे पाहिलं असणार. आता उकंडाजी विचार करणार. टाका फार तर हर्नियाचा असलेला, पिशवी शाबूत असलेला बाप का धावला, असा साधा प्रश्न विचारणार, आणि सगळं मुसळ केरात जाणार.

बैठकीतून उकंडाजींचा आवाज आला. त्यात संशय नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"पूनमसिंग, बापबी गेला?"

"गेला, डायवरसाहेब," पूनमसिंग गंभीरपणे म्हणाला. "घराणंच सच्चं आहे. तारीख काढा."